तंबूचं तोंड रस्त्याकडे

भाईंदर पश्चिम
६ जानेवारी २०२६

गर्ट्रूडबाय,

नमस्कार-चमत्कार राहू दे, कामाचं लिहिते. कागद बघून घाबरू नको, कोणी गेलेलं नाही. फोनवर बोलायची सोय नाही म्हणून लिहितेय. आमच्या घराच्या भिंती पापडासारख्या, आणि नवी सून क्षितिजा दिवसभर हॉलमध्ये लॅपटॉप मांडून बसलेली. कानात ते बोंडूक घातलेलं असतं, पण ऐकते सगळं. तुझा फोन तर तुझ्या लेकीच्या, टिनाच्या हातात. त्यापेक्षा आपला रिक्षावाला, तो उत्तम, बरा. स्टेशनवरून उत्तनला त्याच्या खेपा चालूच असतात. पाकिटाला पिन मारलीये. हललेली दिसली तर सांग, त्याचे कान उपटते.

गुडघा कसा आहे? बाजारात तुझ्या भाजीच्या जागेवर आता एक बाई प्लास्टिकची फुलं विकते. मी त्या बाजूला बघतच नाही.

आता रडगाणं ऐक. दर वर्षी थंडीत आम्ही दोन रात्री तंबूत काढतो, हे तुला ठाऊक आहे. नीरज चड्डीत फिरायचा तेव्हापासून. लोकं हॉटेलात जायची, आम्हाला ते झेपायचं नाही. पण आमचे हे मंडपवाल्याकडे कामाला, शेठ फाटकं कापड टाकून द्यायचा, ते हे घरी आणायचे, मी शिवायची. असा झाला तंबू. थोडा लग्नातला, थोडा गणपतीतला, वर निळी ताडपत्री. सोबत वातीचा स्टोव्ह, कान तुटलेलं पातेलं, कंदील, आणि तो थर्मास. त्याचं बूच हरवलं तेव्हा मक्याच्या कणसाचा दांडा खुपसला होता, तो अजून आहे. चहा गरम राहतो. आणखी काय पाहिजे?

क्षितिजाला पाहिजे. तिने फोनवर एक कॅम्प दाखवला. तंबूत पलंग. तंबूत पंखा. तंबूत आरसा. मी म्हटलं, अगं मग घरात काय वाईट आहे? तर म्हणते, "आई, तुमचा तंबू आता भंगारात द्या. त्याच्यात उंदीर राहून गेलेत." राहू देत की, त्यांनी कुठे पंखा मागितला?

नीरज मध्ये पडला आणि पैज लागली. २६ जानेवारीच्या जोडून सुट्टीत जुन्याच तंबूत जायचं, शनिवार ते सोमवार. क्षितिजाने दोन्ही रात्री काढल्या तर तंबू घरात राहणार. मध्येच रिक्षा बोलावून पळाली तर भंगारवाला. आणि लावायला जागाच मिळाली नाही, तरी भंगारवाला.

जागेचंच तर अडलंय. माझा भाऊ दशरथ, त्याच्या काशीगावच्या शेतात आम्ही इतकी वर्षं तंबू लावला. शेत गेलं, टॉवर आला. आता तिसाव्या मजल्यावर खुंट्या ठोकू का?

तुझी वाडी दे. हो की नाही तेवढंच कळव.

हंसा

*

उत्तन
९ जानेवारी

हंसाबाय,

तुजी चिट्टी पोचली. पिन हललेली न्हवती, पण उत्तमने मना विचारलं, "तंबूत माणसं किती मावतील?" म्हंजे बघ आता.

वाडी रिकामी हाय. ये. त्यात विचारायचं काय? मी बाजारात बसायची तवा उनातून उठून तुज्याच घरी पाणी प्यायला यायची ना? फक्त तीन गोष्टी सांगते. वाडीच्या कोपऱ्यात येसूचा कुरूस हाय, त्याच्यावर तुमचे टॉवेल वाळत घालायचे न्हाय. विहिरीवर साबण न्हाय. आन बाजूच्या गॅब्रियलच्या माडाखाली तंबू न्हाय. तो माड हद्दीवर वाकलाय. नारळ पडतो माज्या वाडीत आन तो म्हंतो नारळ माजा. आठ वर्सं त्याचं-माजं बोलणं न्हाय. उद्या तुज्या डोक्यात नारळ पडला, तरी तो पैला नारळ मागायला येल, मंग डोकं बघेल.

गुडघा सुदारतोय. दुखणं दुसरंच हाय. टिना तीस वर्सांची झाली. स्थळ आलं का तिचं डोकं दुखतं. स्थळ गेलं का थांबतं. गावात बायका विचारतात, मी काय सांगू? वर पंपाची कटकट. दर दोन दिवसांनी विहिरीचा पंप बंद. गॅब्रियलचा पोरगा रॉयस्टन बापाच्या चोरून येतो आन नीट करून जातो. बापासारखा न्हाय, पोर गुणी हाय. तो काम करतो तवर टिना बॅटरी धरून उबी ऱ्हाते. भर दुपारी बॅटरी कशाला लागते ते मना कललं न्हाय. पंपाच्या खोलीत काळोख असेल.

काशीनाथभावांना सांग, सुकी सुरमय ठेवलीय.

तुजी
गर्ट्रूड

*

भाईंदर पश्चिम
१३ जानेवारी

गर्ट्रूडबाय,

वाडीचं ऐकून जीव भांड्यात पडला. घरात सांगितलं तर क्षितिजा म्हणाली, "उत्तनला बाथरूम आहे ना?" मी म्हटलं, समुद्र आहे. तोंड बघण्यासारखं झालं होतं. तू मात्र घरातलं बाथरूम धुऊन ठेव. तिला पळवायचं नाहीये मला, जिंकायचंय.

तुझ्या पंपाबद्दल एक सांगू? तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. पंप बिघडत नाही, बिघडवतात. पुढचं तुझं तू समज, सगळं मी लिहायचं तर कागद पुरायचा नाही.

आमच्या दशरथची समिधा पण तशीच. पूर्वेला इंद्रलोकच्या बिल्डिंगीत राहते. स्थळ म्हटलं की तोंड फिरवते, आणि सोसायटीच्या गेटवर कोणाला तरी बघून हसते. कोणाला ते मी शोधतेय.

हंसा

*

उत्तन
१७ जानेवारी

हंसाबाय,

तू लिवलंस ते खरं निगालं. पंप बिघडवतात! माज्या डोक्यात कसं न्हाय आलं? हा गॅब्रियलच. नारळाचा सूड पंपावर काढतो, आन त्याचा भोळा पोरगा येऊन निस्तरतो. मी काल पंपाच्या खोलीला मोठ्ठं कुलूप लावलं. चावी गल्यात, कुरसाच्या बाजूला.

तुजे उपकार. काल-आज पंप एकदम झकास चालतोय. रॉयस्टन आलता, मी दारातनंच सांगितलं, बाबा, आता तुजी गरज न्हाय. गेला मान खाली घालून. बापाची लाज वाटली असेल.

टिना मात्र जेवत न्हाय. पोटात गॅस झालाय म्हंते. ओवा दिला.

गर्ट्रूड

*

भाईंदर पश्चिम
१९ जानेवारी

गर्ट्रूडबाय,

तुझ्यापुढे मी हात टेकले. ओवा! आता तिकडे आले की समोर बसवून सांगेन. कागदावर लिहिलं तर त्याचाही तू काही भलताच अर्थ काढशील. तोपर्यंत कोणाला काही खाऊ घालू नको आणि कशाला कुलूप लावू नको.

आमचे हे शुक्रवारीच येऊन तंबू उभा करतील आणि रात्री परततील. तंबू लावताना आमच्या दोघांचं भांडण होतं, दर वर्षी होतं, ते क्षितिजाने बघायला नको. ह्यांना सांगितलंय, पाठ नेहमीसारखी रस्त्याकडे, तोंड समुद्राकडे. तू कटकट करू नको, त्यांना सगळं येतं. जन्मभर तेच केलंय. उंदरांनी पुढची बाजू कुरतडली होती, तिथे मी नवी लाल-पिवळी झालर लावली आहे. एकदम नवरीसारखा दिसतोय. क्षितिजाने बघितला, नाक मुरडलं, पण झालरीला हात लावून बघितला. मी तिरक्या डोळ्याने पाहिलं.

शनिवारी सकाळी निघतो.

हंसा

*

उत्तन
२४ जानेवारी, सकाळ

हंसा!!

उत्तमच्या हाती चिट्टी देते, असशील तिथं वाच. तू माजं काय करून ठेवलंस?

काल संद्याकाळी मी गुडघ्याला शेक घेऊन झोपली. सकाळी उठून बगते तर पडवीत इसाबेल मावशी सूप घेऊन बसलेली. "तांदूळ निवडायला कवा काढतेस?" मी म्हटलं कसले तांदूळ? तर हात दाखवला वाडीकडे. हंसा, तो तंबू हाय का मांडव? तोंड बरोबर रस्त्याकडे. पुडे झालर झगझगते. दोनी बाजूला आंब्याचे डहाळे बांदलेले! आमच्या गावात लगनाशिवाय असला मांडव कोणी दारात टाकतं का? सकाळच्या मिस्साला चर्चमदी जाणारा सगळा गाव बगून गेला. चार बायका लगनातले गोड पिठाचे फुगे तळायला कढई घेऊन आल्यात, दोगी रुसून बसल्यात, "आमाला कलवलं पण न्हाय." मी सांगते, बायांनो, भाईंदरची पावणी सहलीला येतेय. त्या हसतात. म्हंतात, "गर्टू, लपवतेस कशाला, नवरा कोण ते सांग."

आन उतरवायचा पण कसा? एकदा दारात मांडव पडला आन लगीन न लागता उतरवला, तर गाव म्हणेल मोडलं. टिनाला जन्मभर बोल. ठेवला तरी मेली, काडला तरी मेली.

आता गॅब्रियल फाटकाशी उबा हाय. आठ वर्सांनी. लालबुंद. म्हंतो रॉयस्टन आठवडाभर खोलीचं दार लावून बसलाय, पेज सुदा घेत न्हाय. आता त्याच्या पोराला काय झालं त्याला मी काय करू?

तुमी येऊ नका. काशीनाथभावांना एकट्याला पाटव, त्यांनी सांगावं ही त्यांची सवय हाय म्हणून. पाया पडते.

गर्ट्रूड

*

त्याच दिवशी, उत्तमच्या रिक्षात बसून

गर्ट्रूडबाय,

चिठ्ठी वाचली. आम्ही सगळे रिक्षात आहोत, स्टोव्ह माझ्या मांडीवर आहे, परत फिरणार नाही. डोंगरीच्या नाक्यावर हे पंक्चर काढतायत, म्हणून बाजूने उत्तनला जाणाऱ्या एका मावशीच्या हाती ही चिठ्ठी देते.

मांडवाला हात लावायचा नाही. उतरवता येत नाही ना? मग उतरवू नको. पंपाच्या खोलीचं कुलूप काढ. गॅब्रियलला पडवीत बसव, पाणी दे, आणि त्याला विचार की पोरगा जेवायचा कधीपासून बंद झालाय. मग टिना कधीपासून जेवत नाही ते आठव. दोन्ही एकत्र मोजता येतं का बघ.

कढई परत पाठवू नको.

हंसा

*

भाईंदर पश्चिम
२९ जानेवारी

गर्ट्रूडबाय,

घरी आलो. ह्यांची पाठ धरलीये, बाकी सगळे धडधाकट.

तू त्या दिवसांत पडवीतच अडकलेली, तंबूत काय झालं ते तुला कळलंच नाही. आम्हाला मात्र तुमचं सगळं ऐकू येत होतं. तू आणि गॅब्रियलने आठ वर्षांचं भांडण एका सकाळीत उरकलं. नारळ झाले, पंप झाला, तुझ्या लग्नात त्याला वाढलं नव्हतं ते झालं. मग तो ओरडला, "माजा पोरगा जेवत न्हाय!" तू ओरडलीस, "माजी पोरगी पन जेवत न्हाय!" आणि तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हातसुद्धा थांबले. इसाबेल मावशी म्हणाली, "झाली सोयरीक," आणि परत निवडायला लागली.

आता माझ्या घरचं. क्षितिजा तंबूत शिरली तर तिच्या झोपायच्या जागेवर सुपं, परड्या आणि सहा बायका. मला वाटलं, गेली ही, आता बोलावते रिक्षा. फोन काढलाही होता. तेवढ्यात मावशीने तिचा हात धरून पिठात घातला. "बग, मुठीतनं असं पिलायचं आन तेलात सोडायचं." पहिला फुगा चपटा झाला, दुसरा फुटला. मावशी म्हणाली, "शहरची हाय, जमायचं न्हाय तिला." झालं! आमची पेटली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. आमच्या त्या वातीच्या स्टोव्हवर तिने एवढे फुगे तळले की वाती संपल्या. रात्री सतरंजीवर पडली ती सरळ सकाळी उठली. कानातली बोंडकं पिठाच्या परातीत सापडली.

दुसऱ्या रात्री वारा सुटला, ताडपत्री फडफडत होती. नीरज म्हणाला, "घरात जाऊन झोपायचं का?" ती म्हणाली, "तू जा."

सोमवारी निघताना रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने तिला विचारलं, मांडव कुठून आणला, भाड्याने मिळेल का. क्षितिजा म्हणाली, "भाड्याचा नाहीये. आमचाय. माझ्या सासूने शिवलाय." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पातेलं घासायला विहिरीवर गेले. घासलेलंच होतं ते.

पण मूळ गोष्ट राहिली. घरी आल्यावर ह्यांना भिंतीला टेकवून विचारलं, तोंड रस्त्याकडे का केलंत? मी काय सांगून पाठवलं होतं? आधी म्हणाले, सवय. मी म्हटलं, दर वर्षी कुठे जाते सवय? मग बोलले. टिना आली होती शुक्रवारी. "काका, समुद्राकडून फार गार वारा येतो, तोंड रस्त्याकडे करा." डहाळेही तिनेच तोडून आणले. वर म्हणाली, "झालर किती छान आहे, पुढे घ्या ना." हे बिचारे खूश झाले, माझ्या शिलाईचं कोणीतरी कौतुक केलं म्हणून.

तर तुझी मुलगी अशी आहे. तू पंपाला कुलूप लावलंस, तिने गावालाच पडवीत आणून बसवलं. खबरदार तिला रागावलीस तर. आम्हाला कोणाला एवढं सुचलं नसतं.

पैजेचं मात्र लोंबकळलंय. क्षितिजा म्हणते, "दोन रात्री राहिले, पण तंबू घरी आलाच कुठे? तो उत्तनलाच आहे, मग पैज अजून चालू." वकील व्हायला पाहिजे होती.

हंसा

*

उत्तन
३ फेब्रुवारी

हंसाबाय,

टिनाला विचारलं. खाली मान घालून हसली. मी पण हसली, काय करू? फादरना भेटलो. ते म्हणाले उपवासकाळ तोंडावर हाय, घाई नको, ईस्टरनंतर लगीन लावू. म्हंजे तवर मांडव उबाच. आता त्याच्यात कोंबड्या बसतात. दुपारी गॅब्रियल पण बसतो. घोरतो.

काशीनाथभावांनी तोंड फिरवलं तवा मागची बाजू त्याच्या माडाखाली गेली. काल नारळ पडला आन ताडपत्रीला हे एवढं भोक. गॅब्रियल नारळ घेऊन पडवीत आला, माज्या हातात दिला आन म्हणाला, "तुज्या हद्दीत पडला." मी तो तवाच फोडला. त्याच नारळाची करी केली, अर्धी त्याला दिली.

आन पंप परत बिघडला. आता कशाला बिघडतो गं?

गर्ट्रूड

*

भाईंदर पश्चिम
१६ एप्रिल

गर्ट्रूडबाय,

लग्न झकास झालं. तुझा गुडघा बँडवर बरा चालतो, बाजारात यायला मात्र दुखतो, हे मी बघून ठेवलंय.

तंबू काल पोचला, उत्तमच्या रिक्षाच्या टपावरून. कोंबड्यांचा वास, व्हिनेगरचा वास, आणि एका कोपऱ्यात वाइनचा डाग. मी धुवायला काढला तर क्षितिजा म्हणाली, डाग राहू दे. कपाटाच्या वर तिची ती मोठी चाकांची बॅग असते ना, ती तिने खाली काढली, पलंगाखाली कोंबली, आणि त्या जागी तंबू ठेवला. पैजेचा शब्द कोणी काढला नाही. भंगारवाला खाली ओरडत गेला, तिनेच खिडकी लावून घेतली.

नारळाच्या भोकाला ठिगळही तिनेच लावलं. वाकडं, आणि निळ्या ताडपत्रीला हिरवा दोरा. उसवून नीट शिवणार होते. नाही उसवलं.

पुढच्या थंडीत कुठे जायचं ते काही ठरलं नव्हतं. तुझ्या वाडीत आता कोंबड्या, टिनाच्या सासऱ्याची झोप, तिथे आम्हाला कुठे जागा! तर आज सकाळी चहा पिता पिता क्षितिजा कानातली बोंडकं काढून म्हणाली, "आई, समिधाताईंच्या इंद्रलोकच्या सोसायटीत मागे मोकळं पटांगण आहे. मी सेक्रेटरीशी बोलते. तंबू तिथे लावू."

मी म्हटलं, बिल्डिंगमध्ये कसली सहल?

म्हणाली, "सहल कशी का होईना. तोंड मात्र गेटकडे ठेवायचं."

टिनाला सांग, आंब्याचे डहाळे लागतील.

हंसा